व्हिएन्नाचा पहिला दिवस: बॅग नाही, दुकानं बंद

टंगळमंगळ:

दोन विमानं, मधे साडेचार तासांचा थांबा, दार ते दार एकोणीस तास. जूनमधल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला व्हिएन्नाला उतरलो तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं आणि काढून ठेवलेले बूट पुन्हा पायात शिरायला तयार नव्हते. बायकोने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "हे कोणाचे घेऊन आलास?"

विमानाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण सगळ्यांचं तेच असतं. मधली सीट. पुढच्याने सीट मागे टाकली ती शेवटपर्यंत. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात आणि आर्द्रता असते जेमतेम १० ते २० टक्के. म्हणजे तुम्ही रात्रभर एका कोरड्या डोंगरावर खुर्ची टाकून बसलेले असता, मग घसा का कोरडा पडला असं विचारायचं नाही. जेवण बेचव लागतं त्यातही आचाऱ्याचा दोष अर्धाच. कोरडं नाक आणि इंजिनाची घरघर यामुळे मीठ आणि गोड कमी लागतं, टोमॅटोची चव मात्र टिकते. जमिनीवर टोमॅटोचा रस कधी न पिणारा मी, दोन ग्लास प्यायलो. उतरल्यावर परत प्यावासा वाटलेला नाही.

तर बॅग. पट्टा फिरत राहिला, लोक पांगले, शेवटी एक अनोळखी निळी बॅग आणि एक बाबागाडी अशा दोघीच फेऱ्या मारत होत्या. मग काउंटर. तिथे एक तक्ता पुढे सरकवतात, त्यावर जगातल्या सगळ्या बॅगांची चित्रं आणि प्रत्येकीला नंबर. आपण बोट ठेवायचं. रंगांचा तक्ता वेगळा. मी म्हणालो काळी, बायको म्हणाली गडद राखाडी. मागे रांग आणि आमचं भांडण रंगावरून. तिचं बरोबर निघालं, हे पुढे कळलं.

हाती एक कागद घेऊन एस ७ लोकलमध्ये बसलो. पहिल्या पाच मिनिटांत दोघंही झोपलो. मधेच डोळा उघडला तर फलाटावरची पाटी: झेंट्रालफ्रीडहोफ. मध्यवर्ती दफनभूमी! युरोपातलं पहिलं दृश्य. बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स तिथेच पुरलेले आहेत, हे माहीत होतं, पण त्या अवस्थेत आम्हीही फार वेगळे दिसत नसू.

व्हीन मिटे स्टेशनवरून घर चालत दहा मिनिटं. भाड्याचं घर 'दुसऱ्या मजल्यावर', लिफ्ट नाही. इथे पहिला धडा मिळाला. जुन्या व्हिएन्नी इमारतींत तळमजला, मग 'होखपार्टेर', मग 'मेझानीन', आणि त्यानंतर कुठे पहिला मजला सुरू होतो. दुसरा मजला म्हणजे आपल्या हिशोबाने सरळ चौथा. दगडी गोल जिना, मधे झिजून खड्डे पडलेल्या पायऱ्या. बॅग हरवल्याबद्दल विमान कंपनीचे मनोमन आभार मानले. वर पोचलो तर साफसफाई चालू, खोली तीनला मिळेल. वाजला होता एक.

दात घासायला ब्रश नाही, बदलायला कपडा नाही. खाली उतरलो तर रस्ताभर सगळी शटरं बंद. रविवार! ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि घामट शर्टात बंद काचेपलीकडचे शर्ट बघणं वेगळं. मोठ्या स्टेशनांमधली सुपरमार्केटं तेवढी उघडी असतात, म्हणजे ज्या व्हीन मिटेमधून बाहेर पडलो होतो तिथेच परत. आत सगळं शहर लोटलेलं. दोन ब्रश, पेस्ट, मोजे मिळाले. बनियन नाही.

मग ठरवलं, तीनपर्यंतचा वेळ कुठेतरी घालवायचाच आहे. यू ३ मेट्रोने दोन स्टेशनं, श्टेफान्सप्लात्झ. यू-बानला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, अडवणारं फाटक नाही, निळ्या पेटीत तिकिटावर शिक्का मारून घ्यायचा आणि सरळ आत जायचं. मशीनवर तिकीट 'आत्तापासून' असं निवडलं तर शिक्का छापूनच येतो, आम्ही दुसरं बटण दाबलं होतं. बायको तशीच चालली होती. एका आजोबांनी पेटीकडे बोट दाखवून घसा खाकरला. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यासारखंच, आणि दंड शंभर युरोच्या वर.

सरकत्या जिन्यावरून वर आलो आणि श्टेफान्सडोम, तिथलं मोठं चर्च, एकदम अंगावर आलं. १३६ मीटरचा दक्षिण मनोरा मान मोडेपर्यंत बघितला. पण आमचा वेळ गेला तो दारात. मुख्य दाराच्या डाव्या बाजूला भिंतीत दोन लोखंडी पट्ट्या आडव्या ठोकल्या आहेत, एक लांब, एक आखूड. लोक त्यांच्यासमोरून आत शिरतात, कोणी बघत नाही. ती कापडाची जुनी मापं आहेत: ८९.६ सेंटिमीटरची तागाच्या कापडाची, ७७.६ ची दुसऱ्या कापडाची. व्यापाऱ्याने कापड कमी दिलं अशी शंका आली तर गिऱ्हाईकाने इथे येऊन ताडून बघायचं. बायको शिवणकाम करते. तिने हात पसरून पट्टीवर धरला, बोटाचं टोक ते खांदा, आणि हिशोब करून म्हणाली, "आखूडवाली माझ्या हातापेक्षा थोडी मोठी, लांबवालीत माझी बाही आणि वर कॉलर निघेल." शेकडो वर्षांच्या चर्चसमोर हे बोलणं चालू होतं आणि मला त्या क्षणी कळलं की आपण व्हिएन्नात पोचलोय.

आत गेलोच नाही. समोरच्या गल्लीतल्या एका कॉफीहाउसात शिरलो. मेलांझ मागवली, म्हणजे कॉफी, दूध आणि वर फेस. छोट्या चकचकीत तबकात कप, बाजूला पाण्याचा ग्लास, ग्लासवर चमचा पालथा. मी लाकडी दांडीला लावलेलं वर्तमानपत्र घेतलं, जर्मन येत नसताना, आणि त्याच्याआड झोपलो. वीस एक मिनिटं. उठलो तर कॉफी थंड, बायको खिडकीतून बाहेर बघतेय आणि पाण्याचा ग्लास बदललेला. वेटरने न विचारता नवा आणून ठेवला होता. कोणी उठवलं नाही, बिल पुढे सरकवलं नाही.

संध्याकाळी श्टेफान्सप्लात्झजवळच डॅन्यूबच्या काठी जाऊन बसलो, पायऱ्यांवर. साडेआठला ऊन असतानाच पडदे ओढून झोपलो आणि पहाटे तीनला टक्क जागे.

पाच दिवसांत बाकी सगळं झालं, पण त्याबद्दल इंटरनेट भरलेलं आहे. मला वाटतं पहिल्या दिवशी शहर बघायचं नसतंच, त्या दिवशी फक्त दारं, तिकिटं, मजले आणि वार कळतात. तुमचे पहिले दिवस कसे गेले?


उंबरठा:

मस्त लिहिलंय. त्या पट्ट्यांच्या बरोबर उलट बाजूला, दाराच्या उजवीकडे, दगडावर 'ओ ५' कोरलेलं आहे, काचेमागे. ते पाहिलंत का? दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध काम करणाऱ्या ऑस्ट्रियन लोकांची खूण. जर्मनीने देश गिळल्यावर 'ऑस्ट्रिया' हे नावच पुसलं होतं. जर्मन नावाच्या सुरुवातीची अक्षरं ओ आणि ई, ई हे पाचवं अक्षर, म्हणून ओ ५. मनाई असलेलं देशाचं नाव चर्चच्या दारावर. मी दोनदा गेले होते, दुसऱ्यांदा दिसलं.


टंगळमंगळ:

नाही हो! आम्ही डावीकडेच मोजत बसलो. आता उजवीकडची हुरहुर लागली.


रोखठोक:

पाच दिवस हातात असताना एक आख्खा दिवस पट्ट्या मोजण्यात? आम्ही उतरल्या दिवशी दुपारी शोनब्रुनचा राजवाडा उरकला. संध्याकाळी प्राटर बागेतला मोठा पाळणा. इतके पैसे खर्चून जायचं आणि झोपायचं, हे मला पटत नाही.


टंगळमंगळ:

शोनब्रुनला १४४१ खोल्या आहेत म्हणे. अर्थात सगळ्या दाखवत नाहीत. तुम्हाला त्यातलं काय आठवतं?


रोखठोक:

फोटो आहेत.


निशाचर:

रोखठोक, 😄

टंगळमंगळ, तुम्ही पहाटे तीनला उठलात ते विमानाच्या थकव्यामुळे असं वाटलं असेल, पण हिशोब करा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तिथले साडेआठ म्हणजे तुमच्या शरीराचे रात्रीचे बारा. तिथले तीन म्हणजे शरीराचे साडेसहा. तुम्ही तुमच्या रोजच्या वेळेला झोपलात आणि रोजच्या वेळेला उठलात! घड्याळ तिथलं, माणूस इथला.

पश्चिमेकडे जाताना तसं सोपं जातं, कारण बहुतेकांच्या शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. दिवस ताणणं त्याला जमतं, आखडणं नाही. म्हणून परतीचा प्रवास जास्त रडवतो. त्रास खरा होतो तो रात्रभर न झोपल्याचा, आणि तो वेगळा. 'पहिल्या दिवशी अजिबात झोपायचं नाही' हा सल्ला लोक व्रतासारखा पाळतात, मग सहा वाजता बायकोवर खेकसतात. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी दुपारी तीनच्या आत काढा, काही बिघडत नाही. दोन तास पडलात तर मात्र संपलं. संध्याकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, ते घड्याळाला मागे ढकलतं. जूनमध्ये व्हिएन्नात नऊपर्यंत सूर्य असतो, आणि तुम्ही नेमके पडदे ओढलेत.


टंगळमंगळ:

साडेसहाला उठलो हा हिशोब भारी आहे. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणते, तरी मी उठल्या उठल्या खेकसलोच होतो.


नकाशावाला:

एक दुरुस्ती, रागावू नका. श्टेफान्सप्लात्झजवळ संध्याकाळी पायऱ्यांवर बसलात ती डॅन्यूब नव्हे, तो डॅन्यूब कालवा, डोनाउकानाल. खरी नदी तिथून बरीच पुढे आहे. १८७० ते १८७५ मध्ये नदीचं पात्र सरळ केलं, तेव्हा ते उलट शहराच्या थोडं जवळ आलं, तरी गाभ्यापासून दूरच राहिलं. मग शंभर वर्षांनी पुरासाठी शेजारी दुसरं पात्र खणलं आणि निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट केलं, डोनाउइन्झेल. यू १ ने जाता येतं, लोक तिथे पोहतात. मीही पहिल्या भेटीत कालव्याला नमस्कार करून आलो होतो, म्हणून सांगतोय.

शिवाय विमानतळ शहराच्या तिकीट हद्दीच्या बाहेर येतो. शहराचा पास असला तरी तेवढ्या तुकड्याचं वेगळं तिकीट लागतं. लोक शहराचाच पास घेऊन एस ७ मध्ये बसतात आणि दफनभूमीच्या अलीकडेच दंड भरतात.


टंगळमंगळ:

म्हणजे मी नातेवाइकांना डॅन्यूबचे म्हणून पाठवलेले सगळे फोटो... असू दे, त्यांना सांगत नाही.


सुमतीसुत:

वाचतोय. सप्टेंबरमध्ये आईला घेऊन जायचं आहे, वय ७१, गुडघे दुखतात, एकट्याने विमानात कधी बसलेली नाही. ते चौथ्या मजल्याचं वाचून पोटात गोळा आला. कोणी वयस्कर माणसांना नेलं आहे का?


खिडकीची_सीट:

मी सासूबाईंना नेलं होतं. चाकाची खुर्ची विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी मागून ठेवा, पैसे पडत नाहीत. मधल्या थांब्यावर तिचा खरा उपयोग होतो, पहाटे तीनला एका टोकाच्या दारापासून दुसऱ्या टोकाच्या दारापर्यंत चालणं हे धडधाकट माणसालाही नको होतं. आईला वाटेल आपल्याला अपंग ठरवलं. सासूबाई पहिल्यांदा रुसल्या, परतीला स्वतःच विचारलं, "माझी गाडी कुठाय?"

सीट कडेची घ्या. खिडकी आपण सोडायची, माझं नाव काहीही असलं तरी. दर तास-दीड तासाने उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत एक फेरी, बसल्या बसल्या घोटे फिरवणं, पाणी. पोटऱ्यांना दाब देणारे मोजे मिळतात, पण आईला आधी शिरांचा त्रास झालेला असेल तर ते आणि बाकी सगळं डॉक्टरांना विचारून. बूट काढू द्या, पण उतरण्याआधी अर्धा तास परत घालायला लावा, नाहीतर टंगळमंगळांसारखं होतं.

शहरात यू-बानच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. नव्या ट्राम जवळजवळ फुटपाथच्या पातळीला टेकतात, जुन्यांना उंच पायऱ्या होत्या. एखादी जुनी अजून धावत असेल तर सोडून द्या, पुढची येते. घर घेताना 'लिफ्ट आहे का' एवढंच नाही, 'लिफ्टपर्यंत किती पायऱ्या' हेही विचारा. आमच्या घरी लिफ्ट सुरू व्हायची होखपार्टेरवर, म्हणजे आधी नऊ पायऱ्या. श्टेफान्सडोमच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो विसरा. उत्तर मनोऱ्यावर लिफ्ट जाते आणि पुमेरिन घंटाही तिथेच आहे, वीस टनांची. मूळची १७११ मध्ये तुर्कांच्या तोफा वितळवून ओतली होती. एप्रिल १९४५ मध्ये छताला आग लागली तेव्हा कोसळून फुटली, तिच्याच तुकड्यांतून ही नवी केली. सासूबाईंनी तिला हात जोडले.


सुमतीसुत:

'लिफ्टपर्यंत किती पायऱ्या' हा प्रश्न मला कधीच सुचला नसता. खूप आभार, ताई.


शिक्कामोर्तब:

बॅगेबद्दल. काउंटरवर तक्रार नोंदवल्याशिवाय कस्टमच्या हिरव्या दारातून बाहेर पडू नका, घरी जाऊन ईमेल करू असं म्हणाल तर अर्धी लढाई तिथेच हरलात. मॉन्ट्रियल करार, १९९९, त्यानुसार बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी मागणी करावी लागते. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या ठेवा. ब्रश, मोजे, शर्ट चालतात. एकाने सूट शिवून घेतला होता, त्याचं पुढे काय झालं कळलं नाही.

आणि दोघं असाल तर दोन्ही बॅगांत दोघांचे कपडे अर्धे-अर्धे भरा. एक दिवसाचा जोड हातातल्या पिशवीत. पॉवर बँक तर हातातच लागते, खाली टाकलेल्या बॅगेत चालत नाही.

जाता जाता: आता शेंगेन देशांत (एका व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) शिरताना पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत आली आहे, १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने. पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेत जास्त वेळ लागतो, त्यामुळे पुढची गाडी काठावरची ठेवू नका. माझ्यासारख्याला शिक्क्यांचं वाईट वाटतं, ते वेगळं.


उंबरठा:

नावातच शिक्का आहे तुमच्या, वाटणारच.

टंगळमंगळ, त्या कॉफीहाउसांबद्दल एक. तुर्कांनी १६८३ मध्ये वेढा उठवून पळताना कॉफीच्या गोणी टाकल्या आणि त्यातून एका हेराने पहिलं कॉफीहाउस काढलं, ही गोष्ट तिथे प्रत्येक गाइड सांगतो. गोष्ट गोड आहे. पण परवाना मिळालेला पहिला माणूस होता योहान्स दिओदातो नावाचा आर्मेनियन व्यापारी, १६८५ मध्ये. त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नाही.


रोखठोक:

बरं, एक कबूल करतो. शोनब्रुनमध्ये बायको कानाला गाइडचं यंत्र लावून एका बाकावर झोपली होती. यंत्र बोलत होतं. मी तिचा फोटो काढला. तो एकच फोटो आम्ही अजून बघतो.


निशाचर:

हे आधी सांगायचं ना!


सुमतीसुत:

बॅगेचं पुढे काय झालं?


टंगळमंगळ:

आली, तिसऱ्या दिवशी रात्री आठला. खालून घंटी वाजली. माणूस बॅग घेऊन आला होता, मी माझ्या तोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, दुसरा मजला. स्पीकरमधून एक दीर्घ उसासा ऐकू आला. तो तिथलाच असावा, दुसरा मजला म्हणजे काय हे त्याला पहिल्या दिवशीच कळलेलं. मी धावत खाली गेलो आणि मेझानीनवर आमची गाठ पडली.

बॅग गडद राखाडीच होती. उघडल्यावर सगळ्यात वर प्लास्टिकच्या पाकिटात आमचं पाच दिवसांचं वेळापत्रक होतं, मीच छापून नेलेलं. पहिल्या दिवसाच्या रकान्यात अकरा ठिकाणं होती. बायकोने पेन घेऊन त्यातल्या एकावर खूण केली, श्टेफान्सडोम, आणि पुढे कंसात लिहिलं: बाहेरून.